पुढच्या दहा वर्षांचं काय?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी तामलवाडीहून बोलतेय.

कोजागिरीच्या आधी दोन-तीन दिवस आमचा रस्ता बघायला या. सोलापूरकडून तुळजापूरला पायी निघालेल्या माणसांची रांग तुटत नाही. कुणाच्या पायाला फोड आलेले, कुणाच्या कडेवर लेकरू. कुठं निघालात म्हणून विचारलं, की उत्तर एकच, ‘दर्शनाला’. लहानपणापासून आपल्या कानाला या शब्दाचा हाच अर्थ ठाऊक.

मध्यंतरी हाच शब्द मी वेगळ्या अर्थानं ऐकला. आमच्या ओळखीत एक ख्रिस्ती ताई आहेत. माझं नाव रेडिओवर घेऊ नको म्हणाल्या, म्हणून घेत नाही. दर रविवारी उपासनेला सोलापूरला जातात. एकदा बसस्टँडवर भेटल्या तर घाईत होत्या. म्हणाल्या, “आज आमच्या मंडळीत दर्शनाची सभा आहे.” मला वाटलं, कुणी मोठे पाहुणे यायचे असतील. नंतर त्यांनी समजावून सांगितलं. एका चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून ते ‘मंडळी’ म्हणतात. आणि आता पुढं देव आपल्याला कोणत्या कामाला बोलावतोय, हे प्रार्थना करून, एकमेकांशी बोलून शोधायचं, त्याला त्यांच्यात ‘दर्शन’ म्हणतात. पुढच्या दहा वर्षांत काय करायचं, याचा त्या दिवशी विचार होणार होता. छत गळतंय ते आधी दुरुस्त करायचं, का वस्तीतल्या मुलांची शिकवणी चालू करायची? तरुण पोरं पुण्याला गेली, घरात म्हातारी एकटी राहिली, त्यांच्याकडं कुणी जायचं? पाळकांचा पगार कुठून काढायचा?

“मग तुम्ही काय बोललात?” मी विचारलं.

ताई हसल्या. “चहा आणि खुर्च्या आमच्याकडं होत्या. बोलायचं राहूनच गेलं.”

मला आमचा गट आठवला. आमच्या बचत गटाला एका संस्थेचा प्रकल्प होता, तीन वर्षांचा. हिशेब लिहायला त्यांची एक मुलगी यायची. तीन वर्षं संपली, मुलगी गेली, आणि वही आमच्यासमोर पडली. पैसा आमचा होता, सह्या आमच्या होत्या, पण वही आमच्यातल्या एकीलाही धड वाचता येत नव्हती. पुढचं दीड वर्ष आमचं कसं गेलं ते आमचं आम्हाला ठाऊक. म्हणून ताईंच्या मंडळीचा प्रश्न मला परका वाटला नाही. बाहेरचा पैसा संपला की पुढं काय, आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न आपल्या मराठी मुलखातल्या ख्रिस्ती लोकांपुढं पावणेदोनशे वर्षांपासून पुन्हा पुन्हा आलाय. त्यातली एक हकिगत बायकांची आहे, आणि तीच मला आज सांगायचीय. तिच्याआधी थोडं नगरचं सांगते.

नगर म्हणजे आजचं अहिल्यानगर. तिथं १८३१ साली अमेरिकेतल्या मिशनऱ्यांनी काम सुरू केलं आणि १८३३ साली पहिली मंडळी उभी राहिली. पुढं १८६०च्या दशकात याच मिशनचं काम सोलापुरात आलं. आपल्या भागातल्या ख्रिस्ती घरांचं नगरशी नातं आहे ते यामुळं. नगरला सिंथिया फॅरार नावाच्या बाई मुलींच्या शाळा चालवत. लग्न केलेलं नाही, देश सोडून १८२७ साली मुंबईला आल्या, नंतर नगरला गेल्या आणि पुढं सगळं आयुष्य इथंच काढलं. त्यांचं काम जोतिराव फुल्यांनी पाहिलं होतं, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षकपणाच्या तयारीतही या बाईंचं नाव येतं. म्हणजे आज आपण सह्या करतो, त्याचा एक धागा तिथवर जातो.

तर १८५४-५५ साली अमेरिकेच्या मुख्य कचेरीतून रूफस अँडरसन नावाचे मोठे अधिकारी पाहणीला आले. त्यांचा विचार सरळ होता. परदेशी माणसं आणि परदेशी पैसा जन्मभर पुरणार नाही. मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा, आणि आपलं काम आपणच पुढं न्यावं. इंग्रजी शाळांवर पैसा घालण्यापेक्षा गावोगाव मराठीतून शिकवावं. त्याच सुमाराला, १८५४ साली, नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळक म्हणून नेमलं गेलं. तोवर पाळक म्हटला की गोरा साहेब, असंच होतं.

ऐकायला हे फार छान आहे. आपल्याला प्रशिक्षणात सांगतात ना, गट स्वावलंबी झाला पाहिजे, अगदी तसंच. पण कागदावरचं स्वावलंबन आणि घरातलं स्वावलंबन यांत फरक असतो. नगरकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत जास्त करून महार आणि मांग समाजातली माणसं होती. गावकीची कामं, बलुत्यावर पोट, स्वतःच्या नावावर जमीन नाही. त्यांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? इंग्रजी शिकवायचं नाही म्हटल्यावर त्यांच्या पोरांनी कचेरीत नोकरी कशी धरायची? हे प्रश्न ज्यांच्या पोटाचे होते, त्यांना विचारून ठराव झाला नव्हता. आणि बायकांचं तर बोलूच नका. मिशनच्या बैठकीत त्या काळी मत असायचं ते पुरुष मिशनऱ्यांना. फॅरारबाईंची सत्तावीस वर्षं या देशात झाली होती, तरी शाळांचं भवितव्य ठरवणारे दुसरेच. अँडरसनसाहेबांचा विचार मला चुकीचा वाटत नाही. ठरवायची रीत मात्र चुकीची वाटते.

आता केडगावला चला. नगरच्या शेजारचं केडगाव नाही हां. सोलापूरहून पुण्याच्या गाडीत बसलात की दौंडच्या पुढं एक स्टेशन लागतं, ते केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंची मुक्ती आहे.

रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर पायी हिंडलं आणि दुष्काळात सापडलं. आईवडील उपासमारीत गेले, बहीण गेली, पुढं भाऊही गेला. रमाबाईंनी बंगाली माणसाशी लग्न केलं, ते जातीबाहेरचं. दोन वर्षांत नवरा वारला, पदरात तान्ही मनोरमा. १८८२ला पुण्याला आल्या, १८८३ला इंग्लंडला गेल्या आणि तिथं ख्रिस्ती झाल्या. तिथून अमेरिका. तिकडं त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविधवांची अवस्था पुस्तक लिहून आणि भाषणं करून सांगितली, आणि बॉस्टन शहरात १८८७च्या डिसेंबरात ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली.

या असोसिएशनचा करार नीट ऐका, आपल्या ओळखीचा वाटेल. अमेरिकेत ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळं झाली. त्यांच्या सभासदांनी दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची, आणि ती द्यायची दहा वर्षं. म्हणजे दहा वर्षांचा प्रकल्पच. अट एक होती, शाळेत धर्माची सक्ती नको, ज्या मुलीचा जो धर्म तो तिनं पाळावा.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. उच्चवर्णीय विधवांची शाळा. पहिल्या मुलींपैकी गोदूबाई नातू पुढं आनंदीबाई कर्वे झाल्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. १८९०ला सदन पुण्याला आलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. मग बोभाटा झाला, की रमाबाई पहाटे प्रार्थना करतात आणि मुली तिथं जाऊन बसतात. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दारही लावून घेणार नाही. वर्तमानपत्रांनी झोडपलं. १८९३ला सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या भांडणात कुणाचं बरोबर, यावर आजही वाद होतो. पालकांची भीती मला समजते. रमाबाईंचा हट्टही समजतो.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. दहा वर्षं १८९८ला संपणार होती. रमाबाईंनी त्याचा विचार शेवटच्या वर्षी केला नाही, आधीच केला. केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि फळझाडं लावायचं ठरवलं. हिशेब असा, की झाडं फळाला येतील तोवर अमेरिकेचा पैसा संपत येईल, आणि मग बागेच्या उत्पन्नावर शाळा चालेल. बाईनं शेतकऱ्यासारखा विचार केला. आज लावलं तर पाच-सात वर्षांनी खायला मिळेल, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

झाडं मोठी व्हायच्या आतच १८९६-९७चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाकडून, भयानक बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना स्वतःचे आईवडील आठवले. त्या निघाल्या. मदतीच्या छावण्यांत, रस्त्याच्या कडेला मुली आणि तरुण बायका नुसत्या भुकेनं मरत नव्हत्या, त्यांचा व्यापारही चालला होता. रमाबाईंनी तीनशेच्या आसपास मुली-बायका गोळा करून आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं एका जागी ठेवायला सरकारची मनाई. न्यायचं कुठं? केडगावच्या माळावर. जी जमीन शाळेचा खर्च भागवायला घेतली होती, तिच्यावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्ती सदन झालं.

इथं थोडं थांबू. ठरवलेलं काय होतं? उच्चवर्णीय विधवांची शाळा, चालवायची फळबागेवर. आणि दारात आलं कोण? कुणब्याच्या, मजुराच्या, सगळ्या जातींच्या मुली. अंगावर चिंध्या, केसात उवा, कित्येकींना रोग, अक्षराशी ओळख नाही. रमाबाई म्हणू शकल्या असत्या, आमच्या योजनेत तुम्ही बसत नाही. आपल्याला कचेरीत किती वेळा ऐकावं लागतं हे! त्यांनी योजना बदलली. १८९८ला त्या अमेरिकेला गेल्या, जुन्या असोसिएशनची मुदत संपली होती, तिची नव्यानं मांडणी झाली. आता काम उघडपणे ख्रिस्ती होतं. मुक्तीतल्या पुष्कळ मुलींनी भीमेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला आणि माळावर एक मंडळी जन्माला आली, जिच्यात जवळजवळ सगळ्या बायकाच.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. उपासमारीतून उचलून आणलेल्या पोरीनं आणणाऱ्या बाईचा धर्म घेतला, तर त्यात तिची मर्जी किती आणि उपकाराचं ओझं किती? तेव्हाही लोकांनी हे विचारलं होतं. मला त्याचं एकच उत्तर देता येत नाही. ज्या पोरींना दुसरीकडं दारच उघडं नव्हतं, त्यांच्याबद्दल आपण इथं बसून निवाडा करणं सोपं आहे, एवढं मात्र वाटतं.

१८९९-१९००चा दुष्काळ तर त्याहून मोठा. गुजरातेतून मुली आल्या. माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार बायका, मैत्रिणींनो! आपल्या कितीतरी गावांची लोकसंख्या एवढी नसते. त्यांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं, पाणी पुरवायचं, आजारी पडल्या की बघायचं. मोठ्या संस्थेत नेहमी विचारतात, व्यवस्थापक कोण? मुक्तीत व्यवस्था बायकांचीच. शेती, गुरं आणि दूध, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धुलाई, स्वयंपाक, शाळा, दवापाणी. ज्या बाईला जे जमेल ते तिनं शिकायचं आणि पुढच्या बाईला शिकवायचं. फसवलेल्या, घरानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. मनोरमा परदेशातून ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकून आली आणि तिनं आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं.

आणखी एक बघा. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या चर्चचा. पण मुक्तीची मंडळी त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या हाताखाली दिली नाही. इंग्लंडमधल्या ज्या ताई त्यांच्या गुरूस्थानी होत्या, त्यांच्याशी पत्रांतून याच मुद्द्यावर त्यांचा झगडा झाला होता. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टानं बाहेर पडलेय, आता दुसरीच्या ताब्यात जाणार नाही, असा त्याचा अर्थ. धर्म स्वीकारला, पण आपल्या मंडळीचं काय करायचं ते वरून कुणी सांगावं, हे नाही स्वीकारलं.

मग १९०५ साल उजाडलं. दुष्काळ मागं पडला होता, मुली तरुण झाल्या होत्या, पोटाचा प्रश्न तेवढा टोकाचा उरला नव्हता. आता मुक्तीनं करायचं काय? नुसतं जगत राहायचं? जानेवारीत रमाबाईंनी मुलींपुढं हा विषय ठेवला आणि रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे, ते विचारलं. सत्तर जणी पुढं आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. जूनअखेरीस तिथं मोठं धार्मिक जागरण झालं, त्याची बातमी जगभर गेली. रात्ररात्र प्रार्थना, रडणं, सगळ्यांनी एकदम मोठ्यानं बोलणं. त्याबद्दल पुस्तकं लिहिली गेलीत, आपल्याला त्यात शिरायचं नाही. माझं लक्ष त्यातल्या एका गोष्टीकडं जातं. रमाबाईंनी विचारलं, आजूबाजूच्या खेड्यांत जायला कोण तयार आहे? आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या पोरी टोळ्या करून गावोगाव निघाल्या. सात-आठ वर्षांपूर्वी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना आता पुढं काय करणार म्हणून विचारलं गेलं, आणि त्यांनी उत्तर दिलं. नगरच्या ठरावात जे राहून गेलं होतं, ते हे.

त्याच काळात रमाबाईंनी दुसरं एक काम हाती घेतलं, बायबलचं मराठी भाषांतर. बायबल मराठीत आधीपासून होतं. पण त्यातली भाषा संस्कृत शब्दांनी जड. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला ती कळायची नाही. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं नव्यानं उतरवलं. संस्कृत जिच्या जिभेवर होतं, तिनं संस्कृत शब्द टाळायला वर्षानुवर्षं खपावं, हे मला फार मोठं वाटतं. आणि ते छापलं कुणी? मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी. खिळे जुळवायच्या त्याच, मुद्रितं बघायच्या त्याच, यंत्र चालवायच्या त्याच. ज्या पुस्तकावर मंडळी उभी आहे, ते पुस्तक स्वतः जुळवून, छापून, शिवून काढणाऱ्या बायका! आमच्या गटाच्या वहीची आठवण झाली की मला हे खिळे जुळवणारे हात दिसतात.

आपल्या बाजूचाही एक दुवा आहे. आपला तुळजापूर तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजांच्या. तामलवाडीहून थोडं पुढं गेलं की राज्य बदलायचं. गुलबर्गाही निजामाचंच. तिथं १९१२-१३च्या सुमाराला रमाबाईंनी शाळा काढली आणि कारभार मनोरमेकडं दिला. मुलींच्या शाळेसाठी तरसलेला मुलूख होता तो.

मनोरमाच पुढं मुक्ती सांभाळणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण १९२१च्या जुलैत ती गेली, आईच्या आधी. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या. बायबलची शेवटची मुद्रितं तपासून संपवली आणि मगच डोळे मिटले, असं सांगतात. छापलेलं पूर्ण बायबल १९२४ला बाहेर आलं. संस्था टिकली, आजही केडगावला आहे, निराधार बायका-मुलं तिथं राहतात. पण एक गोष्ट मला खटकते. दोन हजार बायकांना सगळी कामं शिकवणाऱ्या रमाबाईंनंतर मुक्तीची मुख्य धुरा बरीच वर्षं परदेशातून आलेल्या बायकांकडं राहिली. त्यांनी मनापासून केलं, त्याबद्दल वाद नाही. तरी दुष्काळातून आलेली, तिथंच वाढलेली, छापखाना चालवणारी एखादी त्या खुर्चीवर बसायला पाहिजे होती. एवढं पुढचं बघणाऱ्या बाईनंही पुढची माणसं घडवताना डोळा एकाच लेकीवर ठेवला असेल काय? आईचं मन आहे, काय बोलणार.

याच्या उलट कथा टिळकांची. नारायण वामन टिळक, कवी. १८९५ला मुंबईत ख्रिस्ती झाले, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंना नंतर कळलं. पाच वर्षांच्या ओढाताणीनंतर, १९००ला, त्या आपल्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. ते सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय, गटात एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं पुस्तक आहे. टिळकांना १९१७ला वाटलं, मिशनच्या पगारावर जगून खरी देशी मंडळी उभी राहणार नाही. पगार सोडला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे त्यात यावेत असा. विचार किती मोठा! पण १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले आणि त्यांच्यामागं दरबार उभा राहिला नाही. एकाच माणसाला दिसलेलं होतं ते, दुसऱ्या कुणाच्या हातात त्याची वही नव्हती. पगार सोडल्यावर चूल कुणी सांभाळायची, हे सांगायला नको.

हे सगळं मी त्या ताईंना एकदा बसमध्ये सांगत होते. त्यांनी मला मिझोरामची गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. तिकडं १९१०पासून ख्रिस्ती बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला काढतात. मंडळीच्या बायका घरोघर जाऊन तो तांदूळ जमा करतात, तो विकतात, आणि त्या पैशावर मंडळीची कामं चालतात. गरीब डोंगरी मुलूख, रोख पैसा नाही, पण मूठभर तांदूळ कुणाच्याही घरात निघतो. आता त्या मुठीचे कोट्यवधी रुपये होतात. परदेशी पैशावर अवलंबून राहू नका, हे साहेबानं सांगायची गरज तिथं पडली नाही. गंमत अशी, की बायकांच्या मुठीवर उभ्या राहिलेल्या त्या मोठ्या मंडळीत पाळकाचा मान पुरुषांकडंच राहत आला.

ताई म्हणाल्या, “आमच्यातही वर्गणी बायकाच गोळा करतात. कुणाच्या घरी यंदा सोयाबीन गेलं, कुणाचा मुलगा कामावरून सुटला, कुणाकडून या महिन्यात मागायचं नाही, हे आम्हालाच माहीत असतं. सभेत मात्र आकडा वाचतात तो नुसता आकडा.”

मी म्हटलं, “मग हेच बोला की.”

पुढच्या सभेला ताई आणि आणखी चौघी लवकर गेल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. एवढंच केलं. कागदावर तीन ओळी लिहून नेल्या होत्या. वर्षाचा जमाखर्च सगळ्या सभासदांपुढं मोठ्यानं वाचावा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं काढावीत, छताच्या आधी. आणि शिकवणी चालू केली तर ती फक्त ख्रिस्ती मुलांची नको, वस्तीतल्या सगळ्यांची असावी. तिसऱ्या ओळीवर बराच वाद झाला. एक वडीलधारे म्हणाले, आपल्या पैशात आपली मुलं आधी. दुसरे म्हणाले, मग आपण मंडळी कशाला आणि सोसायटी कशाला. पाळक ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, घाई नको, घरी जाऊन प्रार्थना करा, पुढच्या सभेत ठरवू.

त्या दिवशी चहा पुरुषांनी केला. ताई म्हणाल्या, साखर फार पडली होती, पण सगळ्यांनी प्याला. पुढची सभा येत्या रविवारी आहे.